मोज्यांना लागणारी बारा मिनिटं

(इंग्लंडमधल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. मला जेवणाच्या आधी उभं केलंय, म्हणून आटोपतं घेते. पुऱ्यांचा वास मलाही येतोय.

माझ्या मुलाला तुम्ही पाहिलंय. गणपतीत ढोल सुरू झाला की कानांवर हात ठेवून जिन्याखाली जाऊन बसतो, तोच. त्याच्या बाविसाव्या गुणसूत्राच्या जोडीतल्या एकाचा छोटासा तुकडा नाही. डॉक्टर त्याला '२२क्यू११ डिलीशन' म्हणतात. तुकडा इतका लहान की गुणसूत्रांच्या नेहमीच्या तपासणीत सहसा सापडत नाही, वेगळी चाचणी करावी लागते. तान्हा असताना त्याचं दूध नाकातून यायचं, पुढे वरणभातही. तोंडातली मागची टाळू नीट मिटत नव्हती. पण आम्हाला तीन वर्षं एवढंच ऐकवलं गेलं, की तुम्हाला भरवता येत नाही. हृदयाला छिद्र, कॅल्शियम कमी, बोलणं उशिरा. डॉक्टर वेगळे, फायली वेगळ्या आणि मूळ एकच.

निदान झालं तेव्हा भारतात फोन केला. दोन्ही घरांतून पहिला प्रश्न एकच: "कुणाकडून आलं हे?" शंभरातल्या सुमारे नव्वद मुलांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो, आईवडिलांत नसतो. आमच्या दोघांच्या तपासण्याही तेच सांगतात. सासूबाईंना रिपोर्ट वाचून दाखवला, तर म्हणाल्या, "मग ग्रहण पाळलं नसशील." (त्याच सासूबाई आज रोज व्हिडिओवर नातवाशी भिकार-सावकार खेळतात आणि मुद्दाम हरतात, हेही सांगायला हवं.)

आता कागदांचं. डीएलएचा, म्हणजे मुलांच्या अपंगत्व भत्त्याचा, अर्ज मी पहिल्यांदा भरला तेव्हा जागोजागी लिहिलं, 'थोडी मदत लागते.' आपल्याला 'सगळं छान चाललंय' म्हणायची सवय. अर्ज नामंजूर. मग आठवडाभर घड्याळ लावून वही लिहिली. मोजे घालायला बारा मिनिटं. एक वाटी भात, चाळीस मिनिटं, त्यात तीनदा ठसका. रात्री दोनदा उठणं. स्वतःच्या लेकराबद्दल असं लिहिताना हात थरथरतो, पण भत्ता आजाराच्या नावावर मिळत नाही, लागणाऱ्या मदतीवर मिळतो. पगार कितीही असला तरी अडत नाही. व्हिसावर 'नो रिकोर्स', म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत अशी अट, असेल तर मात्र आधी सल्ला घ्या. शाळेतल्या मदतीसाठीच्या ईएचसी प्लॅनला ती अट नाही. त्याचा अर्ज शाळेवाचून आईवडीलही करू शकतात. इंग्लंडमध्ये कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, मुलाच्या गरजांचं मूल्यमापन करणार की नाही हे सहा आठवड्यांत कळवावं लागतं आणि प्लॅन द्यायचा ठरला तर तो वीस आठवड्यांत हातात यायला हवा. नाही म्हणाले तर ट्रायब्युनलकडे दाद मागता येते. तारखा लिहून ठेवा, आपण विचारल्याशिवाय त्या कुणी पाळत नाही.

मला धीर दिला तो 'युनिक' या संस्थेने. एड्ना नाइट या बाईंनी १९८४ साली, नवव्या गुणसूत्राच्या एका दुर्मिळ दोषाच्या मुलांच्या पालकांसाठी छोटा गट काढला, त्याचीच ही संस्था झाली. एकेका बदलावर साध्या भाषेतल्या पुस्तिका फुकट मिळतात. मराठीत तसं काही माझ्या हाती लागलं नाही, म्हणून २२क्यूवरची पानं मी स्वतःसाठी मराठीत उतरवतेय. कुणी डॉक्टर तपासून देईल का?

आणखी एक. एका थेरपिस्टने सांगितलं, घरी फक्त इंग्रजी बोला, नाहीतर तो गोंधळेल. आम्ही वर्षभर ऐकलं. आजीशी बोलणंच तुटलं. दोन भाषांनी अशा मुलांचं बोलणं मागे पडतं, याला आधार नाही, हे पुढे दुसरीकडून कळलं. आता तो 'आजी, पत्ते' म्हणतो. 'प' नाकातून येतो, तिला कळतो.

मंडळाकडे मागणं मोठं नाही. कौन्सिलच्या मीटिंगला एकट्या जाणाऱ्या आईसोबत कुणीतरी बसा, नुसतं टिपून घ्यायला. आणि गणपतीत वरची छोटी खोली मोकळी राहू द्या. दरवर्षी तिथे जादा खुर्च्या रचता, त्या यंदा जिन्याखाली ठेवा.