अंडर-13 म्हणजे नेमकं किती?

(नाशिकमध्ये पालक, क्रीडाशिक्षक आणि फुटबॉल प्रशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आपल्या आधीच्या पिढीत घरटी एकाचा तरी वाढदिवस 1 जूनला येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख टाकली, झालं. त्या तारखेवर नोकरी लागली, निवृत्तीही झाली, कुणाचं काही अडलं नाही. फुटबॉलमध्ये मात्र तारीख अडते. वयोगटाची रेघ, म्हणजे कोण कुठल्या गटात हे ठरवणारी तारीख, आपल्याकडे 1 जानेवारीला पडते आणि त्या रेघेपासून मूल किती लांब जन्मलं, यावर त्याच्या वाट्याला मैदान येणार की बाक, हे बऱ्याच अंशी ठरून जातं.

एकाच वर्षी जन्मलेले दोघे घ्या, एक 4 जानेवारीचा, दुसरा 20 डिसेंबरचा. गट एकच, अंतर साडेअकरा महिन्यांचं. नऊ वर्षांच्या पोरासाठी हे त्याच्या आयुष्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त झालं. जानेवारीवाला चार पावलं जोरात पळतो, चेंडू लांब मारतो, सूचना पटकन समजतो. तो निवडला जातो. मग त्याला चांगला कोच मिळतो, जास्त सामने मिळतात आणि दोन वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळू लागतो. आपण म्हणतो, बघा, आमची नजर चुकली नाही!

ही नजर नाही, कॅलेंडर आहे. इंग्लंडमध्ये रेघ 1 सप्टेंबरला पडते, तर तिथल्या अकादम्यांमध्ये सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्यांची गर्दी असते. रेघ सरकली की तथाकथित प्रतिभाही तिच्यामागे सरकते. 1980 च्या दशकात कॅनडात मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी आइस हॉकीच्या संघांमध्ये हेच दाखवून दिलं. आज घरी गेल्यावर आपल्या संघाची यादी काढा आणि प्रत्येक नावापुढे जन्माचा महिना लिहा. वीस मुलांत प्रत्येक तिमाहीची साधारण पाच यायला हवीत. पहिल्या तिमाहीची दहा आणि शेवटच्या तिमाहीचं एकच असेल, तर आपण खेळाडू निवडले नाहीत, वाढदिवस निवडले. चाचणीच्या दिवशी एवढं जरी केलंत तरी पुष्कळ: बिबचे, म्हणजे अंगावर चढवायच्या नंबरच्या बनियनचे, नंबर जन्मतारखेच्या क्रमाने वाटा. 1 नंबर सगळ्यात मोठा, 20 नंबर सगळ्यात लहान. निवड करणाऱ्याला खेळ पाहतानाच कळतं की 18 नंबरचा पोरगा 2 नंबरवाल्याशी झुंजतोय.

आता दुसरी गोष्ट, जी पहिलीत मिसळून टाकू नका. जन्माचा महिना वेगळा आणि शरीराची वाढ वेगळी. डिसेंबरचा मुलगा लवकर वाढणारा असू शकतो, जानेवारीचा उशिरा. मुलांमध्ये उंचीची सगळ्यात मोठी उसळी सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास येते, मुलींमध्ये बाराव्या. पण ही सरासरी झाली. एखाद्याला ती साडेबाराव्या वर्षी येते, एखाद्याला पंधरा उलटल्यावर, आणि दोघंही पूर्ण निरोगी असतात. म्हणून एकाच अंडर-13 संघात हाडांच्या वयाचा, म्हणजे हाडं किती पक्व झाली त्यावरून काढलेल्या वयाचा, फरक चार-पाच वर्षांचाही निघतो. मिसरूड फुटलेला आणि दुधाचे दात नुकते पडलेला असे दोघे एकाच चेंडूमागे धावत असतात.

हे मोजायचं कसं? महागडं यंत्र लागत नाही. भिंतीला नीट बसवलेली उंचीची पट्टी, एक काटकोनी फळी, एक वजनकाटा आणि 40 सेंमी उंचीचा पक्का स्टूल. मोजणी दर तीन महिन्यांनी, नेहमी सकाळी, सरावाच्या आधी. दिवसभरात मणके दबतात आणि संध्याकाळी उंची सुमारे 1 सेंमी कमी भरते, म्हणून एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी मोजलं तर सगळी नोंद फुकट जाते. अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर. दोनदा मोजा. दोन आकड्यांत 0.4 सेंमीपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा मोजून मधला आकडा घ्या. मग स्टुलावर बसवून बसलेली उंची घ्या आणि स्टुलाचे 40 सेंमी वजा करा. उभ्या उंचीतून बसलेली उंची वजा केली की पायांची लांबी मिळते. पाय आधी वाढतात, धड नंतर. उभी उंची अजून संथ दिसत असताना पायांचा आकडा चढायला लागला, तर उसळी दारात आली असं समजा.

महिन्याला 0.6 सेंमीच्या वर वाढ दिसली की त्या मुलाचा भार बदलायचा. हाड पुढे गेलेलं असतं, स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मागे राहिलेल्या असतात. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखतं, त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. टाच दुखते, ते सेव्हर्स. आपल्याकडे पाऊस संपला की मैदानाची माती वाळत जाते आणि मार्च ते मे मुरूम दगडासारखा होतो. त्यावर लांब स्टडचे बूट घालून आठवड्याला चार दिवस उड्या मारल्या तर टाच दुखणारच. बारीक रबरी खुंट्यांचे टर्फ बूट घ्या, उड्या आणि पूर्ण वेगाच्या धावा निम्म्यावर आणा, लांब किका थांबवा. सराव बंद करू नका. तोल, दिशा बदलणं, जवळचे पास, दोन्ही पायांनी चेंडू थांबवणं यावर भर द्या. याच काळात मूल स्वतःच्याच पायात अडखळतं, काल जमणारा पास आज चुकतो. त्याला 'लक्ष कुठंय तुझं' म्हणून ओरडू नका. लक्ष जागेवर असतं, पाय लांब झालेले असतात.

पुढची पायरी म्हणजे मूल मोठेपणीच्या उंचीच्या किती टक्क्यांवर पोचलं, हे काढणं. त्यासाठी 1994 ची खामिस-रोश पद्धत वापरतात. मुलाचं वय, उंची, वजन आणि आईवडिलांच्या उंचीची सरासरी घेऊन अंतिम उंचीचा अंदाज बांधतात. समजा दोघे 150 सेंमीचे आहेत. एकाचा अंदाज 168, म्हणजे तो 89 टक्क्यांवर आला. दुसऱ्याचा 182, तो अजून 82 वरच. मैदानात सारखे दिसणारे हे दोघे सारखे नाहीत. पहिल्याचा आजचा जोर उद्या पुरणार नाही आणि दुसऱ्याचं शरीर अजून यायचंय. पण दोन धोके आहेत. ही पद्धत अमेरिकेतल्या ओहायोच्या मुलांवरून बसवलेली आहे, आपल्या मुलांवर ती काही सेंटिमीटर चुकू शकते. दुसरा धोका वडिलांचा. फॉर्मवर बाप स्वतःची उंची दोन बोटं जास्तच लिहितो. म्हणून आईवडिलांनाही पट्टीपाशी उभं करा.

हे टक्के हातात आले की 85 ते 90, 90 ते 95 असे गट पाडून सामने खेळवता येतात. याला बायो-बँडिंग म्हणतात. इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी 2015 पासून असे सामने घेऊन पाहिले. त्यात लवकर वाढलेल्याला पहिल्यांदाच स्वतःएवढा दणकट खेळाडू भेटतो, खांद्याने ढकलून काम होत नाही, पास द्यावा लागतो. उशिरा वाढणाऱ्याला चेंडू पायात मिळतो आणि त्याला काय येतं ते दिसतं. अधिकृत स्पर्धेत हे चालणार नाही. तिथे जन्मवर्षच लागतं, मोठ्या वयाचा मुलगा खालच्या गटात उतरवला तर तो नियमभंग ठरेल. म्हणून सहा आठवड्यांतून एकदा सराव सामना पुरे. नेहमीचा संघ मोडायचा नाही. मैत्री आणि शाळेची इयत्ता यांनाही वजन असतं, हे टक्केवारीच्या नादात विसरायला होतं.

मैदानाच्या मापाबद्दल थोडक्यात. इंग्लंडमध्ये 2025-26 च्या हंगामापर्यंत अंडर-9 आणि अंडर-10 सातास सात, अंडर-11 आणि अंडर-12 नवास नऊ आणि अंडर-13 पासून अकरास अकरा खेळत. सातास सातचं मैदान 60 बाय 40 यार्डांचं, गोल 12 बाय 6 फुटांचा. आपल्याकडे दहा वर्षांच्या, 135 सेंमीच्या गोलकीपरला 24 बाय 8 फुटांच्या गोलात उभं करतात. वरून गेलेला प्रत्येक चेंडू गोल होतो. मग कोच सगळ्यात उंच पोराला गोलात घालतो आणि बाकीच्यांना 'लांब उचलून मारा' शिकवतो. इथे चूक पोरांची नाही, मापाची आहे. दोन शंकू आणि एक दोरी घेऊन गोल लहान करता येतो.

वयाची चोरी, म्हणजे वय कमी दाखवून खालच्या गटात खेळणं, हा विषय आल्याशिवाय राहत नाही. फिफाने 2009 च्या अंडर-17 विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय घ्यायला सुरुवात केली. भारतात मनगटाच्या एक्स-रेवरून टीडब्ल्यू-3 पद्धतीने हाडांचं वय काढतात. चोरी पकडायला ते हवंच. पण मघाशी जे म्हटलं ते इथे आठवा: ज्याचं हाड दीड-दोन वर्षं पुढे गेलंय, तो मुलगा खोटं बोलत असेलच असं नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत झालेला दाखला फायलीत असेल तर त्याची बाजू भक्कम राहते. दाखला आठवी-नववीत काढायला धावाल, तर संशय आपणच ओढवून घ्याल.

उशिरा वाढणाऱ्यांचं काय करायचं, याचं एक उत्तर बेल्जियमने दिलं. तिथल्या फुटबॉल महासंघाने त्यांच्यासाठी 'फ्युचर्स' नावाचे वेगळे राष्ट्रीय संघ काढले. फ्रेंच फुटबॉलपटू अंतोआन ग्रीझमनला लहान चणीमुळे फ्रान्समधल्या क्लबांनी नाकारलं, स्पेनच्या रेआल सोसिएदादने घेतलं, आणि 2018 मध्ये तो विश्वविजेत्या फ्रान्सकडून खेळला.

आपल्याकडे अशा मुलावर दोनदा गाळणी लागते. पहिली तेराव्या वर्षी, जेव्हा पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला चाचणीला नेतात आणि वीस मिनिटांच्या सामन्यात दांडग्या पोरांमध्ये तो दिसतच नाही. दुसरी पंधराव्या वर्षी, दहावीला. नेमकी त्याची उसळी येते, अंगात ताकद भरायला लागते आणि त्याच जूनमध्ये घरून फर्मान निघतं, वर्षभर खेळ बंद. मार्चमध्ये बोर्डाचा पेपर सुटेपर्यंत त्याची नऊ महिन्यांची वाढ मैदानाबाहेर होऊन गेलेली असते. नवे लांब पाय आणि जुनं तंत्र यांची ओळखच झालेली नसते.

म्हणून दहावीच्या पालकांशी करार असा करा. आठवड्याला तीन दिवस, सकाळी 6 ते 7, क्लासच्या आधी. पहिली 20 मिनिटं फिफा 11+ चा, म्हणजे फिफाने दुखापती टाळण्यासाठी बसवलेला, वॉर्मअप, मग 25 मिनिटं चारास दोन रोंडो (चौघे गोलात चेंडू फिरवतात, मधले दोघे तो हिसकावतात) आणि दोन्ही पायांचे पास, शेवटची 15 मिनिटं छोट्या मैदानावर चारास चार. सामने नाहीत, प्रवास नाही. प्रिलिमच्या आणि बोर्डाच्या आठवड्यांत एकच दिवस. उंचीची नोंद मात्र दर तीन महिन्यांनी चालूच, आणि वर्ष संपल्यावर एप्रिलमध्ये त्याची चाचणी पुन्हा घ्यायची, नव्या बिबवर, नव्या नंबराने.