'गॅप', 'वंगण' आणि 'वात': हाडासांध्यांच्या आजारांची नावं

नमस्कार मंडळी. एक्स-रेचं पाकीट घेऊन माणूस घरी येतो आणि सांगतो, "मणक्यात गॅप आलाय." सुरुवात याच वाक्यापासून करू, कारण खरी गोष्ट बहुतेक वेळा नेमकी उलटी असते. दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते ती साध्या एक्स-रेत दिसतच नाही. दिसते ती दोन मणक्यांमधली फट. वय वाढतं तसं गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते आणि फट अरुंद होते. म्हणजे गॅप आलेला नसतो, होता तो कमी झालेला असतो. रिपोर्टात 'रिड्यूस्ड डिस्क स्पेस' असं लिहिलेलं असतं. त्यातला 'स्पेस' तेवढा लक्षात राहतो. मग तो गॅप भरून काढायला कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात. पण गादी काही कॅल्शियमची नसते. बाहेर चिवट तंतूंची कडी आणि आत मऊ गर, अशी तिची रचना असते.

'गादी सरकली' हाही असाच शब्द. गादी ड्रॉवरसारखी सरकत नाही. तिची कड फुगते, त्याला बल्ज म्हणतात. कडी फाटून आतला गर बाहेर आला की एक्स्ट्रूजन, आणि त्या गराचा तुकडा सुटा पडला की सीक्वेस्ट्रेशन. एमआरआयच्या रिपोर्टात बल्ज वाचून घाबरू नका. पाठ कधी दुखली नाही अशा माणसांच्या एमआरआयतही तो सर्रास सापडतो. खरं महत्त्व चित्र आणि दुखणं जुळतंय का, याला. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली, म्हणजे एल-४, एल-५ची गादी साधारणपणे पाचव्या मज्जातंतूच्या मुळावर दाब देते. कळ पायाच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्याकडे जाते आणि अंगठा वर उचलायला जड जातो. त्याच्या खालची गादी असेल तर कळ पोटरीतून तळव्याकडे जाते आणि चवड्यावर उभं राहणं कठीण होतं. हीच सायटिका. ते आजाराचं नाव नाही, कळ कुठून कुठे जाते त्याचं आहे. कमरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर मात्र शब्दांचा काथ्याकूट न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

आता शेपटं बघू. शब्दाच्या शेवटी 'आयटिस' असेल तर दाह, 'ओसिस' असेल तर बहुधा झीज किंवा तसा बदल. स्पॉन्डिलोसिस म्हणजे मणक्यांची वयोमानाने झालेली झीज. आपल्याकडे मान आखडलेला प्रत्येक जण तिला 'स्पॉन्डिलायटिस' म्हणतो. खरा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस वेगळाच. तो विशी-तिशीत सुरू होतो, पहाटे पाठ आखडून जाग येते, आणि विश्रांतीने वाढतो, हालचालीने कमी होतो. अशा मुलाला "पंधरा दिवस पडून राहा" सांगणं म्हणजे उलटा उपचार. तिसरा भाऊ स्पॉन्डिलोलिस्थेसिस. यात मणकाच खालच्या मणक्यावरून पुढे घसरतो. २५ टक्क्यांपर्यंत घसरला तर पहिली पायरी, ५०पर्यंत दुसरी, अशी मोजणी असते. 'सरकणं' हा शब्द शोभतो तो इथे.

सगळ्यात जास्त गोंधळ 'संधिवात' या शब्दाने घातला आहे. एका पिशवीत तीन वेगळे आजार कोंबले आहेत.

पहिला ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यातल्या कूर्चेची, हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाची, झीज. बहुधा गुडघा. चालल्यावर दुखतो, बसल्यावर बरा वाटतो, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात जातो. याच गुडघ्याचं 'वंगण संपलं' असं म्हणतात. वंगण म्हणजे सांध्यातला द्रव. तो संपत नाही. गुडघा सुजतो तेव्हा तर तो वाढलेला असतो, फक्त त्याचा चिकटपणा उतरलेला असतो. संपत आलेली असते ती कूर्चा. ती किती उरली हे झोपून काढलेल्या एक्स-रेत नीट कळत नाही. वजन पायावर असताना, म्हणजे उभं राहूनच तो काढायला हवा.

दुसरा र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपला आमवात. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची मनगटं आणि बोटांची मुळं सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही. रक्तातला 'आरए फॅक्टर' पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात झालाच असं नाही. निरोगी माणसातही तो सापडतो, आणि आमवात असून निगेटिव्हही येतो. यावरचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर तोंड येतं, रक्तपेशी कोसळतात, जीवही जातो. चिठ्ठीवर वार लिहून घ्या. 'संधिवाताची गोळी रोज' ही समजूत इथे जीवघेणी ठरते.

तिसरा गाउट, जुना शब्द वातरक्त. युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साठतात, आणि एका रात्रीत पायाच्या अंगठ्याचं मूळ इतकं लाल होतं की चादरीचा स्पर्श सोसत नाही. गंमत अशी की ऐन झटक्यात रक्तातलं युरिक आम्ल नॉर्मल येऊ शकतं, त्यामुळे तपासणी झटका ओसरल्यावर पुन्हा करायची. युरिक आम्ल उतरवणारं अ‍ॅलोप्युरिनॉल आधीपासून चालू असेल तर झटका आला म्हणून बंद करू नये. रक्तातली युरिक आम्लाची पातळी दर १०० मिलिलिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या खाली राखायची असते.

'हाडं ठिसूळ' या शब्दातही दोन आजार आहेत. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडातला माल पक्का, पण कमी. ते दुखत नाही, मोडल्यावरच कळतं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी केलेली तुलना, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हे नाव लागतं. उणे १ ते उणे २.५ म्हणजे ऑस्टिओपेनिया, ती आधीची पायरी. ऑस्टिओमलेशियात माल आहे, पण 'ड' जीवनसत्त्वाअभावी तो कच्चा, मऊ. हाडं ठसठसतात, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत. 'ड' जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटांचं पाकीट आठवड्यातून एकदा, काही ठरावीक आठवडेच घ्यायचं असतं. बरं वाटतंय म्हणून रोज घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडावर येतं.

जाता जाता 'स्नायू'. मराठीत स्नायू म्हणजे मसल. बंगालीत हाच शब्द मज्जातंतूसाठी आहे. सुश्रुतसंहितेत स्नायू ९०० आणि पेशी ५००, अशी वेगवेगळी मोजदाद आहे, म्हणजे तिथे मांसाला पेशी म्हटलं आहे आणि स्नायू म्हणजे बांधणारे पट्टे. त्या पट्ट्यांना आज आपण लिगामेंट म्हणतो. पाय मुरगळला की ताणतं ते लिगामेंट. मांडीत लचक भरते तेव्हा ताणतो तो स्नायू.

शेवटी "फ्रॅक्चर आहे की मोडलंय?" हा प्रश्न. दोन्ही एकच, केसाएवढा तडाही फ्रॅक्चरच. हाडाचे अनेक तुकडे झाले तर कॉमिन्यूटेड. कंपाउंड म्हणजे तुकडे नव्हेत, हाडापर्यंत पोचणारी जखम, आणि तिथे जंतुसंसर्ग टाळायची घाई असते. आणखी एक. हातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळापाशी, मनगटाच्या खळग्यात दाबून दुखत असेल आणि एक्स-रे साफ आला, तरी त्याला 'मुका मार' म्हणून सोडू नका. तिथलं स्कॅफॉइड हाड मोडलेलं पहिल्या दिवशी अनेकदा दिसत नाही. हात बांधून ठेवायचा आणि १० ते १४ दिवसांनी एक्स-रे पुन्हा काढायचा.