तिसऱ्या पानापासून पुढे

मंडळी, गोव्यातले वेर्णा, कुंडई, पिळर्णचे कारखाने आणि किनाऱ्यावरची हॉटेलं इथे एचआर सांभाळणारे तुम्ही लोक आहात, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. कर्मचाऱ्यांचा अभिप्राय घ्यायची प्रश्नावली किती लांब असावी? ज्या उत्तरांवर येत्या सहा महिन्यांत तुम्ही खरोखर काही करणार आहात, तेवढ्याच प्रश्नांची. बाकीचे प्रश्न आपल्या हौसेचे असतात, आणि त्यांची किंमत फॉर्म भरणारा माणूस मोजतो.

एका औषध कारखान्यातले भरून आलेले फॉर्म मी पाहिले आहेत. भरपूर प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. पहिल्या दोन पानांवर खुणा विखुरलेल्या, कुठे खोडून पुन्हा केलेली. म्हणजे माणूस विचार करत होता. तिसऱ्या पानापासून सगळ्या खुणा चारच्या रकान्यातून सरळ खाली. ‘माझ्या कामाची कदर होते’ याला चार, आणि ‘ही नोकरी सोडावी असं वारंवार वाटतं’ यालाही चारच. शिफ्ट सुटलेली, बाहेर कंपनीची बस उभी, त्या माणसाचा काय दोष? दुर्दैव असं की सुरक्षिततेचे प्रश्न शेवटच्या पानावर होते आणि अहवालात त्यांची सरासरी उत्तम आली. कोरा कागद आला असता तर निदान कुणी विचारलं तरी असतं.

२००९ साली मिर्ता गालेशिच आणि मायकेल बोस्न्याक या संशोधकांनी ऑनलाइन प्रश्नावलीवर हेच तपासलं. कुणाला दहा, कुणाला वीस, कुणाला तीस मिनिटं लागतील असं आधी सांगितलं. वेळ जितका जास्त सांगितला, तितक्या कमी लोकांनी सुरुवात केली आणि तितक्या कमी लोकांनी ती पूर्ण केली. शेवटाकडे आलेल्या प्रश्नांची उत्तरं घाईची, त्रोटक आणि एकसारखी होती.

मग एकच प्रश्न विचारून मोकळं व्हावं का? नाही. एखाद्या विषयावर एकाच प्रश्नाचा भरवसा धरता येत नाही. पण प्रश्न वाढवत गेलं की फायदा आटत जातो. प्रश्न वाढवल्यावर भरवसा किती वाढतो ते सांगणाऱ्या स्पीअरमन-ब्राऊनच्या सूत्राने हिशोब करा: तीन प्रश्नांची विश्वसनीयता (शून्य ते एक या मापावर) ०.६० असेल, तर त्याच तोडीचे सहा केल्यावर ०.७५, बारा केल्यावर ०.८६ आणि चोवीस केल्यावर ०.९२. शेवटच्या बारा प्रश्नांनी हाती लागले फक्त सहा शतांश. गॅलप या सर्वेक्षण कंपनीची प्रसिद्ध प्रश्नावली बारा प्रश्नांची आहे. कामातली समरसता मोजणारी नेदरलँड्समधल्या उट्रेख्टची सतरा प्रश्नांची होती, तिची पुढे नऊची आणि मग तीनचीही आवृत्ती निघाली. माझ्या मते विषयाला तीन प्रश्न, विषय चार, आणि एक मोकळी जागा लिहायला. एवढं पुरतं.

गोव्यात आणखी एक गोष्ट फार जपायला हवी. सुरुवातीला आपण विभाग, वय, तालुका, नोकरीची वर्षं असं सगळं विचारतो. हॉटेलच्या लाँड्रीत माणसं सहा. त्यात पेडण्याहून येणारी, पन्नाशी ओलांडलेली बाई एकच. नाव लिहू नका म्हटलं तरी तिला कळतं की साहेबाला कळणार. मग ती लिहिते, ‘सगळें बरें आसा’. हे रकाने कमी केले की प्रश्नावली आखूड होते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाई खरं लिहायची शक्यता वाढते. लहान युनिटमध्ये विभाग सोडून काहीही विचारू नका, आणि विभागच पाच-सहा जणांचा असेल तर तोही शेजारच्या विभागात मिसळा.

मोठ्या कारखान्याला चाळीस प्रश्न हवेच असतील तर ते वाटून द्या. मुख्य चार-पाच सगळ्यांना, उरलेल्यांतले दहा-दहा वेगवेगळ्या गटांना, चिठ्ठ्या टाकून. साठ माणसांच्या हॉटेलात हे जमणार नाही, तिथे आकडेच अपुरे पडतात.

आणि वेळ मोजायची ती तुमच्या टेबलावर बसून नव्हे. इंग्रजीत बेतलेला फॉर्म मराठी, कोकणी किंवा हिंदीत वाचायला वेळ लागतो. छापायच्या आधी जेवणाच्या सुट्टीनंतर कॅन्टीनमध्ये जा, सावकाश वाचणाऱ्या दोघा-तिघांना तो भरायला द्या, आणि शेजारी घड्याळ घेऊन बसा. दहा मिनिटांच्या वर गेला, तर तिथेच पेनने प्रश्न खोडायला लागा.