गर्दी कितीही असो, ‘एव्हरीवन इज’

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नाचा हॉल माणसांनी भरलाय आणि तुम्हाला इंग्रजीत सांगायचंय की सगळे आलेत. जीभ चटकन ‘एव्हरीवन आर हिअर’ म्हणते. बरोबर वाक्य आहे, ‘एव्हरीवन इज हिअर’. मनात ‘सगळे आलेत’ऐवजी ‘प्रत्येकजण आलाय’ म्हणून बघा, ‘इज’ आपोआप येईल. एव्हरीबडी, समवन, एनीबडी, नोबडी, एव्हरीथिंग, नथिंग ही सारी याच घरातली, एकवचनी. बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल अनेकवचनी. तिथे कुणी फारसं अडखळत नाही.

घोटाळा होतो तो ‘ऑफ’पाशी. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन नागपूर.’ ‘फ्रेंड्स’ हा शब्द क्रियापदाला अगदी खेटून बसलेला, त्यामुळे ‘लिव्ह’ म्हणावंसं वाटतं. पण नागपुरात राहणारा मित्र एकच! ‘ईच ऑफ द गर्ल्स हॅज अ सायकल’ याचंही तेच. परीक्षेत चूक ओळखायला देणाऱ्यांचं हे भारी लाडकं वाक्य.

आता म्हणाल, ‘ऑफ’च्या पुढे बघायचंच नाही का? बघायचं, पण सम, एनी, ऑल, मोस्ट असतील तेव्हा. पंगत उठल्यावर ‘मोस्ट ऑफ द राइस इज गॉन’, पण ‘मोस्ट ऑफ द पुरीज आर गॉन’. भात मोजता येत नाही, पुऱ्या येतात. ‘नन’चं मात्र दोन्हीकडे जमतं. ‘नन ऑफ द बसेस हॅज कम’ चालतं, ‘हॅव कम’ही चालतं. काही शिक्षक ‘हॅव’ला गुण कापतात, मला तो अन्याय वाटतो.

आणखी एक. ‘एव्हरीवन हॅज ब्रॉट देअर टिफिन.’ ‘हॅज’ एकवचनी आणि पुढे ‘देअर’? ऐकायला विसंगत, पण असा वापर इंग्रजीत 14व्या शतकापासून सापडतो. शाळेच्या जुन्या व्याकरणात इथे ‘हिज’ हवं म्हणत. वर्गात मुली असल्या तरी.

एक दिलासा देतो. ही सगळी कसरत मुख्यतः वर्तमानकाळातली. ‘एव्हरीवन केम’, ‘मेनी केम’, क्रियापद तेच. ‘कॅन’ आणि ‘विल’सुद्धा कुणासाठी बदलत नाहीत. भूतकाळात सांभाळायची ती ‘वॉज’ आणि ‘वेअर’ एवढी एकच जोडी.