परसाकडची गोष्ट

(दृश्य : सांगलीची आमराई, सकाळचे सहा. बाकावर चार म्हातारी माणसं. मफलर, काठ्या.)

निवेदन :

आमराईत फिरून झालं की ही मंडळी बाकावर टेकतात. ऊस, पाऊस, पेन्शन झालं की गाडी हमखास पोटावर येते. कुणी इसबगोल घेतं, कुणी त्रिफळा, कुणी उठल्या उठल्या तांब्याभर कोमट पाणी. आज साफ झालं, काल नव्हतं झालं, यात कुणालाच संकोच नाही. पण एखादा हळूच म्हणाला, "अण्णा, दोन महिने झाले, रक्त पडतंय," की बाक गप्प. मग कुणीतरी निकाल देऊन टाकतो : "मूळव्याध असणार. सुरण खा."

बऱ्याचदा मूळव्याधच असते. पण ते बाकावर बसून ठरवायचं नसतं. रक्त दिसतंय, पोटाची सवय अचानक बदललीय, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन विनाकारण कमी आलंय, अशा माणसानं थेट डॉक्टरांकडे जायचं.

आपण आज बोलणार आहोत ते बाकीच्या तिघांबद्दल. ज्यांना काहीच होत नाही, आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी असते ती अशांसाठीच.

(दृश्य : हरिपूर, कृष्णा-वारणेचा संगम. मोकळी सपाट जमीन.)

हरिपूरला पूर्वी जमिनीखालच्या पेवांत हळद साठवत. वरून बघणाऱ्याला नुसती सपाट माती. २००५च्या महापुरात पाणी आत शिरलं आणि कित्येक पेवं गेली.

मोठ्या आतड्याचं असंच आहे. आतल्या अस्तरावर एखादा कोंब उगवतो, डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप बिघडत नाहीत. जे बिघडतात त्यांचाही कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. दुखत नाही, खुपत नाही. अधूनमधून थोडं रक्त झिरपतं, डोळ्यांना न दिसणारं. ते शोधणारी शौचाची साधी तपासणी आहे, तिला 'फिट' म्हणतात. ती माणसाच्याच रक्तातलं हिमोग्लोबिन ओळखते, त्यामुळे आदल्या रात्री मटणाचा रस्सा झाला असला तरी फरक पडत नाही.

(दृश्य : टेबलावर छोटी बाटली, झाकणाला काडी.)

नमुना घ्यायचा कसा? पाणी ओतायच्या आधी. संडासाच्या भांड्यात जुना कागद पसरा, त्यावर घ्या, काडीनं दोन-चार ठिकाणी टोचा, काडी बाटलीत घाला, झाकण लावा. नातवंडांचे लंगोट धुतलेल्या हातांना हे अवघड नाही. किळस आहे ती मनाची.

इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वर्षांच्या माणसांना दर दोन वर्षांनी ही बाटली टपालानं घरी येते. आपल्याकडे तसं पत्र येत नाही. सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर तपासतात, आतड्याचा नाही. म्हणजे डॉक्टरांना आपणच विचारायचं : "माझं वय अमुक, मी फिट करून घेऊ का?" आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार झाला असेल तर तेही सांगायचं, कारण मग तपासणी लवकर आणि वेगळी लागते. ऐंशीच्या घरात असाल तर गरज आहे का, तेही डॉक्टरच सांगतील.

"हळदीच्या गावचे आम्ही, आम्हाला कसला कॅन्सर?" हेही ऐकायला मिळतं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण आमटीतली चिमूटभर हळद म्हणजे तपासणी नव्हे.

आता खरी भीती. रिपोर्टमध्ये रक्त आलं तर? तर तो कॅन्सरच, असं नाही. पुढची पायरी दुर्बिणीची, कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी पोट साफ करणारं औषध प्यावं लागतं, आणि खरं सांगायचं तर त्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग तोच. तपासणीच्या वेळी बहुधा गुंगीचं इंजेक्शन देतात. कोंब दिसला तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढता येतो. आणि फिटमध्ये काही नाही आलं, तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा. एकदा केली म्हणजे जन्माची सुटका झाली, असं नाही.

(दृश्य : लॅबची खिडकी. एक आजोबा कापडी पिशवी उघडतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली.)

"नाव?"

ते नाव सांगतात.

"वय?"

"अडुसष्ट." मग आवाज खाली आणून, "बाई, मला त्रास काही नाही हं."

"म्हणूनच करायची असते, आजोबा," ती बाटलीवर चिठ्ठी चिकटवत म्हणते. "उद्या संध्याकाळी रिपोर्ट न्या."

आजोबा पिशवीची घडी करतात. आमराईतला बाक अजून भरलेला असेल. तिथे आज काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत ते रस्ता ओलांडतात.