पाण्यातलं हेल्मेट
(नांदेड येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘वेगवान पाण्यासाठी हेल्मेट कसं निवडावं’. तो वाचून एका स्नेह्यांचा मला फोन आला. म्हणाले, "मराठवाड्यात ह्या विषयाला कोण येणार? आपल्याकडे पाणी डोक्यावर येतं ते हंड्यातून." आज सभागृह भरलंय, तरी त्यांचा प्रश्न मी सोडून देणार नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि 2025च्या सप्टेंबरात सीना नदी अशी चढली की परंड्याकडची माणसं हेलिकॉप्टरने उचलावी लागली. आपल्याकडे पाणी येतं तेव्हा असं एकदम येतं. जायकवाडीतून विसर्ग सोडला की पैठणपासून आपल्या गोदाकाठापर्यंत गावंच्या गावं जागी राहतात.

तेव्हा पाण्यात पहिल्यांदा कोण उतरतं? एनडीआरएफची आपल्याला जवळची बटालियन पुण्याकडे, एसडीआरएफच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. ते येईपर्यंत गावातली भोई मंडळी उतरलेली असतात. सोबत पोहणारी चार पोरं, ट्रकची ट्यूब आणि दोरखंड. शिवाय आता आपली मुलं कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला जातात, ऋषिकेशला जातात, कयाक, म्हणजे एकट्याने बसून वल्हवायची चिंचोळी होडी, शिकतात. पावसाळ्यात इस्लापूरजवळ सहस्रकुंडला पैनगंगा कशी कोसळते ते इथल्या बहुतेकांनी पाहिलंय. माझं आजचं बोलणं ह्या दोघांसाठी आहे, हौसेने वल्हं हातात घेणाऱ्यांसाठी आणि गरज म्हणून उतरणाऱ्यांसाठी.

माझं म्हणणं एवढंच आहे. रस्त्यावरचं हेल्मेट कवटी फुटू नये म्हणून असतं. पाण्यातलं हेल्मेट असतं माणूस शुद्धीवर राहावा म्हणून. रस्त्यावर डोक्याला मार लागून कुणी दहा सेकंद बेशुद्ध पडला, तर लोक धावत येतात, पाणी मारतात, दवाखान्यात नेतात. नदीत त्याच दहा सेकंदांत नाकातोंडात पाणी जातं. अंगात लाइफ जॅकेट असलं तरी प्रत्येक जॅकेट बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवीलच असं नाही. म्हणजे जो मार रस्त्यावर टेंगळावर निभावतो, तो पाण्यात जीव घेऊ शकतो.

आता डोक्याला मार लागतो कुठे ते बघा. कयाक उलटली की माणूस खाली लोंबकळतो आणि त्याचं डोकं हेच सगळ्यात खोल असतं. खडक लागतो कपाळाला, कानशिलाला, गालाला. राफ्टमधून पडलेला माणूस पाय पुढे करून पाठीवर तरंगत जातो, असंच त्याला शिकवलेलं असतं. त्याला लागतं मागून, मानेच्या वर. टाळूवर क्वचित लागतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट ह्यावरच आहे.

काही वर्षांपूर्वी पैनगंगेच्या काठावरच्या एका गावात मला बोलावलं होतं. पुरासाठी गावाला साहित्य आलं होतं, ते पोरांना वापरायला शिकवायचं होतं. कुठल्या कार्यालयाने दिलं ते सांगत नाही. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, लाइफ जॅकेटंही बरी होती. मग दुसरं खोकं उघडलं. आत पिवळीधमक हेल्मेटं, नवी कोरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. इमारतीच्या कामावर मिस्त्री घालतात ती!

पोरं खूश. घातली, फोटो काढले. मी एक हातात घेऊन उलटं केलं. आत पट्ट्यांची जाळी, जाळी आणि टोपी ह्यांच्यामध्ये चार बोटं मोकळी जागा. वरून वीट पडली तर ती जागा दणका खाते. त्या कामासाठी ती रचना उत्तम आहे, आयएस 2925 हे त्यासाठीचं भारतीय मानक. पण कडेला काही नाही, मागे काही नाही, कानशील उघडं. आणि हनुवटीचा पट्टा? काहींना नव्हताच. काहींना होता, तो इलॅस्टिकचा, शाळेच्या टोपीला असतो तसला.

मी सोबत आलेल्या साहेबांना म्हणालो, हे पाण्यात चालणार नाही. ते म्हणाले, "सर, मागणीपत्रात ‘हेल्मेट, नग’ एवढंच होतं. हेल्मेट म्हणजे हेल्मेट." वाद घालण्यात अर्थ नव्हता. गावातले एक वयस्क भोईमामा तिथे बसले होते. साठी उलटलेली, पण नदीची पुरती ओळख. ते उठले, एक पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं, इलॅस्टिक हनुवटीखाली ओढलं आणि धोतर खोचून सरळ धारेत गेले. छातीभर पाणी, फार वेग नाही. तोंड प्रवाहाकडे केलं आणि डोकं खाली घातलं. पाणी कडेखाली शिरलं आणि हेल्मेट झटक्यात मागे गेलं. आतल्या मोकळ्या जागेत पाणी भरलं. आडात सोडलेली बादली भरल्यावर जशी हाताला ओढते, तसं ते मामांची मान मागे ओढू लागलं. इलॅस्टिक हनुवटीवरून घसरून गळ्यावर आलं. मामांनी एका हाताने ते ओरबाडून काढलं, बाहेर आले, खोकले, आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, ह्याच्यापेक्षा माझा पटका बरा. तो गळा तरी दाबत न्हाई."

सगळे हसले, साहेबही हसले. मी मात्र त्या दिवसापासून ही गोष्ट जाईन तिथे सांगतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. मामा उभे होते ते संथ पाणी. पुरात, अंधारात, एका हाताने कुणाला तरी धरलेलं असताना असं झालं असतं तर? न बसणारं हेल्मेट नुसतं निरुपयोगी नसतं, ते कपाळ उघडं टाकतं आणि वरून गळा आवळतं. तेव्हा ग्रामपंचायतीतली जी मंडळी इथे आहेत त्यांना हात जोडून सांगतो, मागणीपत्रात ‘हेल्मेट, नग’ लिहू नका. ‘वेगवान पाण्यातील बचावासाठीचे हेल्मेट’ लिहा, मानकाचा क्रमांक लिहा, मापं लिहा.

आता कुणी म्हणेल, मोटारसायकलचं चांगलं आयएसआयवालं आहे की घरी. ते मोटारसायकलवर रोज घाला, आरशाला अडकवू नका. पण ते नदीत नेऊ नका. ते मुळातच जड. आतलं कापड आणि स्पंज पाणी पितं, मग ते आणखी जड. काचेच्या खालून प्रवाह आत शिरला की मानेवर काय येईल ते मामांनी दाखवलंच. आणि त्यातलं थर्माकोल एकदाच दबतं. सायकलच्या हेल्मेटचंही तेच. एका दणक्यात ते आपलं काम करून संपतं. नदीत खडक एकदाच लागेल अशी खात्री कोण देणार? आपला काळा पाषाण तर कडेकडेने धारदार, आणि एका खळाळीत माणूस चार ठिकाणी आपटतो. म्हणून पाण्याच्या हेल्मेटात ईव्हीए किंवा ईपीपी नावाचा फोम असतो. तो दबतो आणि परत फुगतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. आणि निवडायचं कसं हे तर अजून राहिलंय. बरं, लिहून घ्या, भराभर सांगतो.

आधी शिक्का बघा, ‘ईएन 1385’. कयाक आणि वेगवान पाण्यातल्या खेळांच्या हेल्मेटांचं हे युरोपीय मानक. पण शिक्का बघून निश्चिंत होऊ नका. त्यातल्या चाचणीत आदळण्याचा वेग सेकंदाला अडीच मीटर असतो, सायकलच्या युरोपीय मानकात तो साधारण 5.4 मीटर. आणि 1385 हे स्वतःच सांगतं की ते पहिल्या ते चौथ्या श्रेणीच्या पाण्यासाठी आहे. नद्यांच्या अवघडपणाच्या श्रेणी सहा. म्हणजे शिक्का ही किमान पात्रता. ज्याला पाचव्या श्रेणीत जायचंय त्याने फोम जाड असलेलं, शक्यतो हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारं घ्यावं.

मग झाकण बघा. कपाळ, कानशील आणि मानेच्या वरचा मागचा भाग, तिन्ही झाकले पाहिजेत. कान झाकलेले असले तर उत्तम, मात्र तिथे भोकं हवीत, नाहीतर सोबत्याची हाक ऐकू येत नाही. पुढची चोच मोठी नको, तिच्यावर पाणी धडकतं. वर पाणी निथळायला भोकं हवीत, पण बोटभर टोकाचा खडक आत जाईल एवढी मोठी नकोत.

सगळ्यात महत्त्वाचं माप. शिंप्याची टेप भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा आणि सेंटिमीटर लिहून ठेवा. ‘सगळ्यांना बसतं’ असं दुकानदार म्हणाला की समजा, नीट कुणालाच बसत नाही. डोक्यावर चढवा, कड भुवयांच्या वर दोन बोटांवर आली पाहिजे, त्याहून वर नाही. पट्टा न लावता मान हलवा. होकारार्थी हलवा, नकारार्थी हलवा. हेल्मेटसोबत कपाळाची कातडी हलली पाहिजे. आता पट्टा लावा, हनुवटीखाली जेमतेम एक बोट जाईल इतका. तळहाताने पुढची कड वर ढकला, मागून पुढे ढकला. कपाळ उघडं पडलं तर ते हेल्मेट परत द्या, कितीही महाग असो. केस मोठे असतील तर ज्या बांधणीत पाण्यात उतरणार त्याच बांधणीत माप घ्या, मुलींना हे कुणी सांगत नाही. आणि उथळ, सुरक्षित धारेत, काठावर दोघं उभे ठेवून, डोकं बुडवून बघितल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नका.

रंग भगवा, लाल, पिवळा. पुराच्या गढूळ पाण्यात तपकिरी हेल्मेट दिसत नाही.

घरी आणल्यावर बक्कल साध्या पाण्याने धुवा, वाळू अडकली की ते ऐन वेळी लागत नाही. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवू नका, आपल्या मे महिन्यात फोमचा गोंद सुटतो. गावाचं नाव रंगवायची हौस असते, पण थिनर आणि पेट्रोल प्लॅस्टिकला खातं, म्हणून नाव पट्ट्यावर सुईदोऱ्याने घाला. बाहेरच्या कवचाला तडा गेला, फोम परत फुगेनासा झाला, पट्टा उसवला, ह्यातलं एक जरी दिसलं तरी ते कापून टाका. नुसतं कोपऱ्यात टाकलं तर पुढच्या पुरात कुणीतरी उचलून घालतो.

टेबलावर चार मापांची चार हेल्मेटं ठेवलीत, आणि शेजारी ते पिवळंही आहे. टेपही आहे. रांगेने या, आधी भोई मंडळींना येऊ द्या, आणि माप कळलं की माझ्या वहीत नाव आणि सेंटिमीटर लिहून जा. पुढची मागणी आपण त्याच यादीवरून पाठवणार आहोत.