लोअरिंग स्प्रिंगा: बोल्ट चाकं जमिनीवर असतानाच आवळायचे

नमस्कार मंडळी. लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा टाकल्या की महिन्याभरात तक्रारी सुरू होतात: कुरकुर येते, खड्ड्यात गाडी धाडकन आपटते, टायर आतल्या बाजूने खातात. आणि शिव्या खातात स्प्रिंगा! बहुतेक वेळा माल ठीक असतो, फिटिंग चुकलेलं असतं. आज उदाहरणाला घेऊ स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटीसारखी गाडी, म्हणजे पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम). गाडी खाली आणायची आहे ३० मिलिमीटर.

पान्याला हात लावण्याआधी टेप घ्या. सपाट जागेवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा कमी-जास्त असली की ते माप बदलतं.

गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नाही. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून आधी सोडवा, नाहीतर नकल (चाकाचा हब धरणारा भाग) लटकलं की त्यांच्यावर ताण येतो. स्ट्रटला जोडलेल्या लिंक रॉडचा नट फिरवताना आतला बोल्टही फिरत असेल तर तो अ‍ॅलन कीने धरा. नकलचे दोन बोल्ट काढण्याआधी त्यांची जागा मार्करने आखून घ्या.

आता धोक्याचं काम. स्ट्रटचा मधला नट गाडीवर असताना अजिबात उघडायचा नाही, दाबलेली स्प्रिंग त्यानेच धरलेली असते. बोनेटखालचे बाजूचे नट काढून अख्खा स्ट्रट बाहेर घ्यायचा. स्प्रिंग दाबणाऱ्या कम्प्रेसरचे दोन हुक स्प्रिंगच्या समोरासमोर लावा आणि थोडं इकडे, थोडं तिकडे असं हातानेच आवळत जा. स्प्रिंग सीटवर मोकळी हलायला लागली की मगच मधला नट सोडा. तोंड स्ट्रटच्या रेषेत ठेवू नका. आणि शॉकअपचा दांडा पकडीने धरायचा नाही. चकचकीत दांड्यावर एक ओरखडा पडला की सील फाटतं आणि तेल गळायला लागतं. दांडा वरून अ‍ॅलन कीनेच धरा.

नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक खालच्या सीटच्या खाचेत टेकलं पाहिजे. [क्लोज-अप: खाच आणि स्प्रिंगचं टोक] हे टोक इंचभर मागे राहिलं तर स्टिअरिंग वळवताना ‘टंग’ असा आवाज येतो. वरचं बेअरिंग हाताने फिरवून बघा. खरखरत असेल तर आत्ताच बदला, नंतर हीच मेहनत पुन्हा करावी लागेल. बंपस्टॉप, म्हणजे शॉकअप पूर्ण आपटू न देणारा मऊ ठोकळा, स्प्रिंगच्या कागदात जेवढा सांगितला असेल तेवढाच कापा, तोही जाड बाजूने. निमुळतं मऊ टोक राहू द्या, धक्का आधी तेच पितं. कापायचा म्हटलेला असूनही तसाच ठेवलात तर शॉकअपला दबायला जागाच उरत नाही. ते धाडकन आपटणं इथूनच येतं.

जुनी स्प्रिंग कापून गाडी खाली आणणाऱ्यांसाठी एकच सांगणं: गाडी जॅकवर उचलली की कापलेली स्प्रिंग सीटमध्ये ढिली होते, आणि चाक हवेत गेलं की तीच गोष्ट रस्त्यावर होते.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. [क्लोज-अप: हातात लोअर आर्मचा बुश] हा बुश बघा, चाक चेसिसला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, म्हणजे लोअर आर्मचा. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोघींना चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चेसिसला घट्ट धरली जाते. चाक वर-खाली झालं की ती फिरत नाही, रबरच पिळतं. चाक लटकलेलं असताना बोल्ट आवळलात आणि मग गाडी खाली टेकवलीत तर काय होईल? आर्म साधारण ३५ सेंटिमीटर लांब, चाक ९ सेंटिमीटर खाली लटकलेलं, म्हणजे उभ्या गाडीतसुद्धा बुश जवळजवळ १५ अंश पिळलेला. असं रबर लवकर फाटतं आणि तोवर कुरकुरतं.

जे बोल्ट तुम्ही उघडलेच नाहीत, तेही विसरू नका. ते कंपनीच्या उंचीला आवळलेले आहेत; गाडी ३ सेंटिमीटर खाली आली की तिथेही सुमारे ५ अंशांचा कायमचा पीळ बसतो. म्हणून लोअर आर्मचे बोल्ट, मागच्या शॉकअपचे खालचे बोल्ट आणि टॉर्शन बीमचे पुढचे दोन बोल्ट, सगळे ढिले करायचे.

आणि नव्या उंचीलाच परत आवळायचे. खाली उतरून काम करायचा खड्डा, म्हणजे पिट असेल तर सोपं आहे, चाकं जमिनीवर असतानाच आवळता येतात. नसेल तर बोल्ट हलके बसवून गाडी खाली घ्या, दोन-चार फूट मागेपुढे ढकला, दाबून सोडा आणि टेपने नवं माप घ्या. मग गाडी पुन्हा घोड्यांवर घेऊन हबखाली जॅक लावा, तेच माप येईपर्यंत उचला आणि तिथे टॉर्क पान्याने आवळा. आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या.

मागे स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसवलेली असते. शॉकअपचे खालचे बोल्ट काढून बीम हळूहळू उतरवा, रबरी सीट वर-खाली तशाच बसवा. एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह बीमला जोडलेला असतो. गाडी खाली आली की त्याला वाटतं मागे वजन आहे आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. मग ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. असा व्हॉल्व्ह असेल तर त्याची सेटिंग करूनच गाडी बाहेर काढा.

त्याच दिवशी अलाइनमेंट. कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरच्या बाजूचा कल, थोडा आत जातो, तो चालतो. टायर खातं ते बिघडलेलं टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं. स्प्रिंगा थोड्या बसतात, म्हणून ३००-४०० किलोमीटरनंतर परत तपासा. हेडलाइटची उंचीही तेव्हाच बघा. आणि स्विफ्टच्या १६३ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्समधून (गाडीच्या पोटाखालच्या जागेतून) ३० गेले की उरतात १३३, तेही रिकाम्या गाडीत. नियमातला स्पीडब्रेकर १०० मिलिमीटरचा. तुमच्या गल्लीतला किती आहे, तो एकदा टेपने मोजून घ्या.